बॉटने स्वागत करावं, पण ग्रुपच्या दारात

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार आहे. आम्ही तिघे मिळून टेलिग्रामवर द्राक्षवाल्यांचा एक ग्रुप चालवतो. सुरुवातीला आजूबाजूच्या गावांतलेच लोक होते. आता निफाड-दिंडोरीपासून इंदापूर-बारामतीपर्यंतचे मिळून दोन हजारांच्या आसपास सभासद झालेत. गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) जवळ आली की रोज पंधरा-वीस नवे येतात. प्रत्येकाला रामराम करणं, नियम सांगणं जमेना, म्हणून एक तयार बॉट, म्हणजे आपोआप मेसेज टाकणारा प्रोग्राम, लावला. तो ग्रुपमध्येच प्रत्येकाचं नाव घेऊन बारा ओळींचं स्वागत टाकतो, फुलांच्या चित्रांसकट. जुने सभासद वैतागलेत. कुणी रात्री पानाचा फोटो टाकून ‘हा डाऊनीच (बुरशीचा रोग) का?’ विचारतं, त्यावर स्वागतांची रांग लागते आणि प्रश्न वर निघून जातो. बऱ्याच जणांनी ग्रुप म्यूट केलाय. शिवाय नवा माणूस आला रे आला, की औषधं विकणारे त्याला खासगीत मेसेज करतात. भाचा म्हणतो, मी पायथॉनमध्ये आपला स्वतःचा बॉट लिहून देतो, ‘द्राक्षताई’ नाव देऊ, खासगीत गोड बोलेल. त्याने करून पाहिला, तर खासगी मेसेज जातच नाही. आमच्यातले वयाने मोठे दादा म्हणतात, बॉट काढूनच टाका, आपल्या माणसाचं स्वागत यंत्राने करणं बरं दिसत नाही. काय करावं?

उत्तर

नमस्कार. दादांचं ऐका आणि भाच्यालाही कामाला लावा. दोघांचं म्हणणं एकाच ग्रुपमध्ये नीट नांदू शकतं. त्यासाठी बॉटची जागा मात्र बदलावी लागेल.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचली ती रात्री पानाचा फोटो टाकणाऱ्याची गोष्ट. तो माणूस बॅटरी घेऊन बागेत फिरून आलेला असतो. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग आणि पान उलटं केलं की खाली पांढरी बुरशी, असं त्याने पाहिलेलं असतं. हवा ढगाळ असेल, दव पडत असेल, तर सकाळपर्यंत थांबणं त्याला परवडणारं नसतं. हा ग्रुप त्याच्यासाठी आहे. नवा आलेला माणूसही बहुतेक वेळा असाच काही प्रश्न घेऊन आलेला असतो. म्हणजे एकाचं स्वागत दुसऱ्याच्या अडचणीवर येऊन पडतंय, आणि ज्याचं स्वागत होतंय त्यालाही त्या बारा ओळींतून हाती काही लागत नाही.

म्हणून आजच्या आज एक करा, सध्याच्या बॉटला गप्प बसवा. तुम्ही कोणता लावलाय ते लिहिलेलं नाही. बरेच जण वापरतात तो ‘रोज’ (Rose) नावाचा बॉट असेल, तर त्याला ‘वेलकम ऑफ’ ही कमांड देऊन ग्रुपमधलं स्वागत बंद करता येतं. तेवढं धाडस होत नसेल तर ‘क्लीनवेलकम’ चालू करा, म्हणजे नवं स्वागत पडलं की जुनं आपोआप पुसलं जातं आणि रांग लागत नाही. ‘अमुक ग्रुपमध्ये सामील झाले’ या टेलिग्रामच्या स्वतःच्या ओळीही ‘क्लीनसर्व्हिस’ने काढता येतात. भाच्याचा बॉट तयार होईपर्यंत एवढ्यावर भागेल.

औषधं विकणाऱ्यांचा त्रासही याच स्वागतातून वाढतो. बॉट प्रत्येक नव्या माणसाचं नाव दोन हजार जणांपुढे पुकारतो आणि त्या नावावर टिचकी मारली की सरळ खासगी मेसेजची खिडकी उघडते. विकणाऱ्याला आणखी काय हवं? ताजा, अडचणीतला, अजून कुणाला ओळखत नसलेला शेतकरी त्याला आयता मिळतो. तेव्हा जाहीर स्वागत बंद झालं की हा त्रास बराच उतरेल. त्याच्या जोडीला ग्रुपच्या सेटिंगमध्ये सभासदांची यादी लपवण्याची सोय आहे, शंभरापेक्षा जास्त सभासद असले की ती वापरता येते. ती चालू केली की यादी फक्त अॅडमिनना दिसते. हे आजच करून टाका, यात बॉटचा काही संबंध नाही.

आता भाच्याच्या अडचणीकडे वळते. त्याचा खासगी मेसेज जात नाही, यात त्याच्या कोडची चूक नाही. टेलिग्रामचा नियमच असा आहे की बॉटने आपणहून कुणाशी बोलायला सुरुवात करायची नाही. माणसाने आधी बॉटकडे जाऊन ‘स्टार्ट’ दाबायचं, मगच बॉटला त्याला लिहिता येतं. नियम योग्यच आहे. तो नसता तर तुमच्या विकणाऱ्यांनी स्वतः मेहनत न घेता बॉटच कामाला लावले असते.

या नियमात एक वाट आहे आणि तुमच्या ग्रुपला ती अगदी चपखल बसते. ग्रुपची आमंत्रणाची लिंक बनवताना ‘अॅडमिनची मंजुरी लागेल’ असा पर्याय असतो. तो निवडला की लिंक दाबणारा थेट आत येत नाही, त्याची विनंती जाते. ग्रुपमध्ये बॉटला अॅडमिन केलं आणि सभासदांना आमंत्रण देण्याचा हक्क दिला, तर ही विनंती बॉटला कळते आणि त्या माणसाला खासगीत लिहायची मुभाही मिळते. मुभा पाच मिनिटांची असते, आणि तेवढ्यात दुसऱ्या कुठल्या अॅडमिनने त्याच्याशी संपर्क साधलेला नसला पाहिजे. पाच मिनिटं यंत्राला पुष्कळ झाली. बॉट निरोप पाठवतो, खाली ‘नियम वाचले, आत घ्या’ असं एक बटण ठेवतो, माणूस ते दाबतो, बॉट विनंती मंजूर करतो. ग्रुपमध्ये कुणाला पत्ताही लागत नाही, आणि नवा माणूस आत येतो तो नियम डोळ्यांखालून घालूनच. जाहिरातीची खाती अनेकदा इथेच गळतात, कारण त्यांच्या मागे बटण दाबायला कुणी बसलेलं नसतं.

हे करताना जुन्या लिंका रद्द करायला विसरू नका. दोन-तीन वर्षांत तुम्ही ती लिंक किती ठिकाणी दिली असेल: शिवारफेरीच्या फलकावर, कृषी सेवा केंद्राच्या काचेवर, व्हॉट्सअॅपच्या निरोपांत. त्या चालू राहिल्या तर लोक मागच्या दाराने येत राहतील आणि बॉट पुढच्या दारात बसून राहील. ग्रुप सार्वजनिक असेल, म्हणजे नावाने शोधून कुणीही आत येत असेल, तर मंजुरीचा पर्याय लिंकवर न ठेवता ग्रुपच्या सेटिंगमध्येच चालू करायचा.

ज्यांनी बटण दाबलं नाही त्यांचं काय करायचं, हा निर्णय मात्र बॉटवर सोडू नका. भाचा म्हणेल, चोवीस तासांत दाबलं नाही तर विनंती आपोआप नाकारू. तसं करू नये. साठीतल्या बागायतदाराला ‘बॉट’ नावाने आलेला मेसेज दिसतच नाही, दिसला तरी फसवणुकीचा वाटतो. बटणं न दाबायला त्याला घरच्यांनीच शिकवलेलं असतं आणि ते बरोबरच शिकवलंय. रोज संध्याकाळी तुमच्या तिघांपैकी एकाने अडकलेल्या विनंत्यांची यादी उघडायची, ओळखीचे, गावाकडचे वाटतात त्यांना हाताने आत घ्यायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि लाइट गेली तर? हा प्रश्न मी तुमच्याकडच्यांना हमखास विचारते, कारण भाच्याने बॉट घरच्या जुन्या लॅपटॉपवर चालवायचा बेत केलेला असणार. चालवायला हरकत नाही. बॉट स्वतःच टेलिग्रामकडे वारंवार ‘काही नवीन आलंय का’ विचारतो अशी एक पद्धत आहे, तिला वेगळा सर्व्हर लागत नाही, साधं घरचं इंटरनेट पुरतं. बॉट बंद असताना आलेल्या घडामोडी टेलिग्राम चोवीस तासांपर्यंत धरून ठेवतो आणि बॉट उठला की त्याच्या हवाली करतो. पण खासगी निरोपाची मुभा पाच मिनिटांची आहे हे आठवा. रात्री दोनला गेलेली लाइट सकाळी सहाला आली, तर मधल्या चार तासांत आलेल्यांना बॉट काही लिहू शकणार नाही. त्याने प्रयत्न केला तर टेलिग्राम नकार देईल, आणि कोड कच्चा असेल तर त्या नकारापाशीच बॉट कोलमडून पडेल. म्हणून कोडमध्ये हे आधीच धरून चालायचं: निरोप गेला नाही तर विनंती तशीच राहू द्यायची आणि तिघा अॅडमिनच्या छोट्या ग्रुपमध्ये एक ओळ टाकायची, ‘यांना निरोप देता आला नाही, तुम्ही बघा’. हंगामाच्या तीन-चार महिन्यांपुरता एखादा छोटा भाड्याचा सर्व्हर घेतलात तर हा घोर उरणार नाही, पण सुरुवात लॅपटॉपवरच करा.

आता मजकूर. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक स्वागत बॉट बिघडतात ते मजकुरात.

तुमच्या ग्रुपवर एखादा प्रश्न पडला की खाली पहिली प्रतिक्रिया काय येते? मी पैजेवर सांगते, ‘छाटणी कधीची? व्हरायटी कोणती?’ द्राक्षात सगळा हिशेब छाटणीपासूनच्या दिवसांवर चालतो. अठराव्या दिवशीची बाग आणि साठाव्या दिवशीची बाग यांना एकच उत्तर देता येत नाही, थॉमसनचं सोनाकाला आणि सोनाकाचं शरद सीडलेसला चालत नाही. मग प्रश्न विचारणारा तासाभराने ते लिहितो, तोवर उत्तर देणारा जाणता माणूस झोपलेला असतो. तुमच्या स्वागताने एवढी एकच गोष्ट नव्या माणसाच्या मनात पक्की बसवली, तर त्याचा पहिलाच प्रश्न नीट पडेल आणि त्याला पहिलंच उत्तर लवकर मिळेल. याहून चांगलं स्वागत मला सुचत नाही.

मी लिहून देते, तुमच्या बोलीत बदलून घ्या:

‘रामराम. मी या ग्रुपचा बॉट आहे, माणूस नाही. ग्रुप द्राक्ष बागायतदारांचा आहे. आत आल्यावर प्रश्न टाकताना या चार गोष्टी सोबत लिहा: गाव, व्हरायटी, छाटणीची तारीख, शेवटची फवारणी कोणती आणि कधी. पानाचा फोटो टाकलात तर वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंचा टाका. इथे औषधांची विक्री आणि जाहिरात चालत नाही. ग्रुपच्या नावाने कुणी खासगीत काही विकायला आलं तर आम्हाला कळवा. नियम पटत असतील तर खालचं बटण दाबा.’

बस्स. फुलं नकोत, हात जोडलेली चित्रं नकोत, ‘आपलं सहर्ष स्वागत करताना आम्हाला अत्यंत आनंद होत आहे’ नको. नावही घालू नका. टेलिग्रामवर लोक आपलं नाव काय ठेवतील याचा नेम नसतो. कुणाचं नाव नुसता भगवा झेंडा असतो, कुणाचं ‘बळीराजा’, कुणी मुलाच्या नावाने खातं उघडलेलं असतं, आणि कितीतरी बायका नवऱ्याच्या फोनवरून, त्याच्याच नावाने आलेल्या असतात. त्यातल्या बाग सांभाळणाऱ्या बाईला ‘नमस्कार अमुकराव’ म्हणून आत घेण्यापेक्षा नुसतं ‘रामराम’ कितीतरी बरं. ते सगळ्यांना चालतं.

बॉटने छाटणीची तारीख विचारून लिहून ठेवावी आणि रोज ‘आज तुमचा बाविसावा दिवस’ असं सांगावं, अशी कल्पना भाच्याला एक-दोन दिवसांत सुचेलच. मोह आवरा. कुणी ‘१२ ऑक्टो’ लिहील, कुणी ‘दसऱ्याच्या आदल्या दिवशी’ लिहील, कुणाच्या तीन प्लॉटच्या तीन तारखा असतील. शिवाय गाव, बाग, तारखा अशी दोन हजार जणांची वही भाच्याच्या लॅपटॉपवर जमा झाली, तर औषध कंपन्यांच्या दृष्टीने ती सोन्याच्या मोलाची. जी माहिती आपल्याला लागत नाही ती गोळा केली नाही, की सांभाळावीही लागत नाही.

‘द्राक्षताई’ला माझा ठाम नकार आहे. भाच्याचा हेतू चांगला आहे, गोड बोलून माणूस आपलासा करावा असं त्याला वाटतं. पण ताई म्हटलं की लोक ताईशी बोलणार. रात्री साडेअकराला कुणीतरी तिला लिहील, ‘ताई, दोन एकर बाग आहे, सगळीकडे डाग दिसतायत, काय करू?’ आणि ते लिहिलेलं कुणीच वाचणार नाही. तो उत्तराची वाट बघत बसेल, ग्रुपवर विचारणारही नाही, कारण त्याच्या मते त्याने विचारलेलं आहे. बॉटचं नाव सरळ ‘द्राक्ष ग्रुप बॉट’ ठेवा. वापरनावाच्या शेवटी इंग्रजी अक्षरांत ‘बॉट’ लागतंच, तो टेलिग्रामचा नियम आहे. आणि बॉटला खासगीत कुणी काहीही लिहिलं, तरी त्याने गप्प बसायचं नाही. ‘मी बॉट आहे, मला हे कळत नाही. तुमचा प्रश्न ग्रुपमध्ये टाका, तिथे माणसं आहेत’ एवढं उत्तर ताबडतोब द्यायचं आणि तोच मजकूर तुमच्या अॅडमिन ग्रुपमध्ये पुढे ढकलायचा. ही एक सोय भाच्याने बाकी सगळ्याच्या आधी लिहावी.

यालाच जोडून: बॉटला फवारणीचा सल्ला देऊ देऊ नका. ‘डाऊनी’ शब्द दिसला की अमुक औषध, अमुक प्रमाण, असलं काहीही नको. आता कृत्रिम बुद्धिमत्ता जोडून हे करणं सोपं झालंय, म्हणून मुद्दाम सांगते. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि माल अडकला, तो हंगाम जुन्या निर्यातदार बागायतदारांना आजही विसरता येत नाही. एका रसायनाचा मामला होता. कोणतं औषध काढणीच्या किती दिवस आधीपर्यंत चालतं, निर्यातीच्या बागेत काय चालतं, हे पुण्याजवळच्या मांजरीतल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशींत बघायचं असतं, आणि त्या वेळोवेळी बदलतात. बॉटला फार तर त्या केंद्राच्या संकेतस्थळाची लिंक द्यायला शिकवा. प्रमाण माणसानेच सांगावं, ज्याला पुढे जाब विचारता येईल अशा माणसाने.

आता दादा. त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं, फक्त त्यांनी ते बॉटच्या विरोधात मांडलंय आणि तिथे मी थोडी वेगळी आहे. इंग्रजी विकिपीडियावर २०१२मध्ये नवख्या संपादकांसाठी ‘टीहाउस’ नावाचा एक कोपरा सुरू झाला, तिथे अनुभवी स्वयंसेवक नव्यांच्या शंका सोडवतात. रोज येणाऱ्या नव्यांना बोलवायचं कुणी, हा तुमचाच प्रश्न त्यांनाही होता. त्यांनी ‘होस्टबॉट’ केला. तो नव्या संपादकाच्या चर्चापानावर निमंत्रण ठेवतो आणि ते यजमानांच्या वतीने ठेवलंय हे तिथेच सांगतो. बोलावणं पोचवायचं काम यंत्राचं, आत गेल्यावर बोलायला मात्र माणसं. पुढे याचा रीतसर अभ्यास झाला, तेव्हा निमंत्रण मिळालेले नवे संपादक न मिळालेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात टिकले असं दिसलं.

तुमच्याकडे हे असं होईल: बॉटच्या निरोपात शेवटी भागवार दोन-तीन जाणत्यांची नावं असावीत. तासगाव-पलूस भागातले असाल तर अमुक, निफाड-दिंडोरीचे असाल तर तमुक, ग्रुपवर अडलं तर यांना हाक मारा. अर्थात त्यांना विचारून, आणि फोन नंबर न देता. दादांना त्यांच्या भागाचं नाव म्हणून द्या. ते नुसते तयार होतील असं नाही, मला वाटतं त्यांना हेच हवं होतं. आणि आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी म्हणा, दादांनीच ग्रुपमध्ये एक छोटा निरोप आपल्या हाताने लिहावा: या आठवड्यात पलूसकडचे पाच-सहा जण आले, दोघं बारामतीचे, यंदा पहिल्यांदाच बाग धरलेली एक ताई आहेत, सांभाळून घ्या. कुणाचं नाव नको, रोजची रांग नको, पण आपण आल्याची दखल माणसाने घेतली हे ज्याला कळायचं त्याला कळतं. हा निरोप कधी बॉटकडून टाकून घेऊ नका, दादा गावाला गेले असले तरी. एखादा रविवार चुकला तर चुकू द्या.

भाच्यासाठी चार गोष्टी, त्या त्यानेच वाचाव्यात.

बॉटफादरकडून, म्हणजे नवे बॉट काढून देणाऱ्या टेलिग्रामच्याच बॉटकडून, नवा बॉट केला की एक लांबलचक टोकन (गुप्त किल्ली) मिळतं. ते ज्याच्या हाती, बॉट त्याचा. कोड कुठे मित्रांना दाखवायला किंवा गिटहबवर (कोड ठेवायच्या संकेतस्थळावर) टाकताना ते टोकन कोडच्या फाइलमध्ये ठेवू नकोस, वेगळ्या जागी ठेव. चुकून बाहेर गेलंच, तर बॉटफादरला सांगून लगेच रद्द करून नवं घे. बॉटला ग्रुपमध्ये फक्त आमंत्रणाचा हक्क दे. मेसेज पुसणं, लोकांना काढणं हे हक्क त्याला नकोत. एक गोष्ट मात्र सभासदांना सांगायलाच हवी: अॅडमिन असलेल्या बॉटपर्यंत ग्रुपमधला प्रत्येक मेसेज पोचतो. तुझा बॉट ते साठवत नाही, हे नियमांत एका ओळीत लिही, आणि खरोखर साठवू नकोस.

बटणामागे जो छोटा मजकूर बॉटकडे परत येतो, त्याला ६४ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात. ‘हो’ एवढ्या शब्दाचेच सहा बाइट होतात, आणि एकविसाव्या चिन्हाच्या पुढे जागा उरत नाही. म्हणून बटणावर दिसणारं वाक्य मराठीत ठेव, आतला संकेत इंग्रजी अक्षरांत छोटा ठेव. तसंच ठळक-तिरप्या अक्षरांच्या नादी लागू नकोस. त्यासाठीच्या मार्कडाउन या खुणांच्या पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीत साधा पूर्णविराम, आडवी रेघ आणि कंससुद्धा आधी उलटी तिरकी रेघ दिल्याशिवाय चालत नाहीत, आणि एक राहून गेलं तर अख्खा मेसेज जात नाही. साधा मजकूर पाठव, तो कधी अडत नाही.

ग्रुपमध्ये बॉटने मिनिटाला वीसपेक्षा जास्त मेसेज टाकायचे नाहीत असं टेलिग्रामचं सांगणं आहे. एखाद्या परिसंवादात पडद्यावर क्यूआर कोड दाखवला आणि दोन मिनिटांत सत्तर जण आले, तर जुन्या पद्धतीचं जाहीर स्वागत तिथेच गुदमरलं असतं. वेगवेगळ्या माणसांना खासगीत पाठवताना सेकंदाला साधारण तीस मेसेज चालतात, त्यामुळे नव्या पद्धतीत ही अडचण यायची नाही. तरी ४२९ क्रमांकाचा नकार (‘फार मेसेज झाले’ या अर्थाचा) आला तर त्यात किती सेकंद थांबायचं तेही लिहिलेलं असतं. तेवढं थांब, पुन्हा पुन्हा धडका मारू नकोस.

हेच सगळं व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर करू का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढच्या पत्रात विचाराल. करू नका. व्हॉट्सअॅप बिझनेसमधला स्वागताचा निरोप तुम्हाला खासगीत पहिल्यांदा लिहिणाऱ्याला जातो, ग्रुपमध्ये नव्याने आलेल्याला तो जात नाही. बाहेरचं एखादं अनधिकृत सॉफ्टवेअर जोडून ग्रुपमध्ये बॉट चालवला, तर नंबरच बंद होण्याचा धोका असतो. तुमचा तो नंबर बँकेला, सोसायटीला, व्यापाऱ्याला दिलेला आहे.

गोडी छाटणीला अजून थोडे दिवस हातात आहेत. त्या आधी एक रिकामा ग्रुप काढा, त्यात बॉट लावा आणि घरातल्या अशा माणसाच्या फोनवरून लिंक दाबून बघा ज्याला यातलं काही माहीत नाही. भाच्याने शेजारी उभं राहायचं, पण तोंड उघडायचं नाही. तो माणूस जिथे थबकेल ती ओळ बदला. मग लॅपटॉपचा प्लग काढून दहा मिनिटांनी परत लावा आणि मधल्या वेळेत आलेल्या विनंतीचं काय झालं ते बघा. दोन्ही नीट पार पडलं, की जुन्या लिंका रद्द करून नवी लिंक द्या.